आठवड्याचं माहेर

फुकटात दोन दिवस राहायचं, धरणाच्या काठाला, स्प्रिंगच्या गादीवर! ऐकल्यापासून मला घरात चैनच पडेना. मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, दिवसभर लोळत होते, आणि भोरच्या आमच्या आळीत असलं काही कुणाच्या वाट्याला आलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. आप्पा कोर्टात कारकून. एका दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात टेरिलिनच्या शर्टातला एक माणूस त्यांना भेटला आणि म्हणाला, "कुटुंबाला घेऊन या. राहा, खा, प्या. निघायच्या आधी तासभर आमचं म्हणणं ऐका. पटलं तर मालक व्हा, नाही पटलं तर राम राम."

"मालक कशाचं?" आईनं विचारलं.

"आठवड्याचे," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांनाच नीट सांगता येईना. मी तुम्हाला सांगते, मला ते नंतर लई वेळा ऐकायला लागलं. एका कंपनीनं तिथं ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि प्रत्येक खोलीचे आठवडे वाटून टाकले होते. वर्षात जेवढे आठवडे तेवढे एका खोलीला मालक. तुमचा आठवडा आला की खोली तुमची, कुलूप तुमचं, किल्ली तुमची. आठवडा सरला की सामान उचलायचं, पुढचा मालक दारात.

शेजारच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे यस्टीतल्या सीटासारखं की गं! उठलं की दुसरा टेकला. बूड गरमच!"

सगळे हसले. आई नाही हसली. तिनं विचारलं, "कुठं म्हणलात हे?"

"वेल्ह्याच्या पुढं. खिंड उतरली की धरणाच्या काठाला."

आई चुलीकडं वळली आणि विझत आलेली लाकडं पुढं सारायला लागली. ते तिचं माहेर. म्हणजे होतं. धरण झालं तेव्हा गाव पाण्यात गेला, माणसं ट्रकात बसून दौंडकडं गेली. मी तेव्हा लहान होते, मला त्यातलं काही आठवत नाही. पाण्याच्या वर राहिला तो फक्त एक उतार. नाचणी, वरई, नाहीतर गवत, एवढंच पिकणारा. तो आईच्या आणि मामीच्या नावावर. मामी म्हणजे माझ्या वारलेल्या मामाची बायको. ती गेलीच नव्हती गाव सोडून. उतारावर खोपट घालून एक म्हैस आणि चार शेरडं घेऊन राहिली. आजूबाजूला अशीच न गेलेली दोन-तीन घरं. कुणी विचारलं तर म्हणायची, "समदा गाव टरकात चढला. माजा पायच वर जाईना, त्याला मी काय करू?"

आईला माहेरपण म्हणून एवढंच उरलेलं. वर्षातनं एकदा जायचं, मामीच्या खोपटात बसायचं, भाकरी खाऊन परत यायचं. राहायला जागा कुठं होती?

तर मग आम्ही निघालो. नसरापूरच्या फाट्यावर कंपनीची पांढरी गाडी आली, आणि मला आधी वाटलं आणखी कुणीकुणी बसणार असतील, पण नाही, गाडी आमच्या एकट्यासाठी! मी खिडकीला बसले. वेल्हं मागं पडलं, चढ लागला, आणि ड्रायव्हर मान न वळवता आईला म्हणाला, "तुमीच नव्हं का वरच्या उताराच्या?"

"व्हय," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा कसा फुलला! "तुमी वळखता?"

"आमाला सांगितलंय तसं," तो म्हणाला आणि गियर टाकला.

आप्पा पुढं बघत होते. मी पण बघत होते, मला गंमतच वाटली. कुणी सांगितलं, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

दारात एक बाई उभ्या होत्या. नायलॉनची साडी, डोक्याला फूल, हातात सूप. आम्ही उतरल्या उतरल्या त्यांनी आईच्या पायावर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं रीतसर. "ताई," त्या म्हणाल्या, "हे तुमचं माहेर. मी तुमची धाकटी बहीण समजा. मीही इकडचीच हो, माझं माहेर भोंगवली."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ओटी कुणी भरली की बाई नाही म्हणत नसते, पदर पुढं करते. आणि आईची ओटी माहेरच्या मातीत कुणी भरून किती वर्षं झाली होती! आईनं पदराची गाठ मारली आणि दिवसभर ती सोडली नाही.

खोली तर विचारूच नका. पांढऱ्या भिंती, पंखा, आरसा, आणि ती गादी! मी उडी मारली तर गादीनं मला परत वर फेकलं. आप्पा म्हणाले, "अगं घोडे!" आणि मी बाहेर गेल्यावर त्यांनी स्वतः बसून दोनदा हळूच उडून बघितलं, मी दाराच्या फटीतनं पाहिलं. न्हाणीघरात वरनं पाणी सोडायचा फवारा होता. मी चावी फिरवली. आधी नुसता वारा आला, खोकल्यासारखा. मग तांबडी धार, मग परत खोकला. एका पोऱ्यानं येऊन दोन बादल्या पाणी ठेवलं आणि म्हणाला, "जपून हं ताई, टँकर उद्या हाय."

मागं गॅलरी होती. उन्हाळ्यामुळं धरणाचं पाणी पार लांब गेलेलं, मध्ये सगळा काळा चिखल वाळून फुटलेला. त्या चिखलातनं दगडांची एक चौकट वर आली होती. आई कठड्याला धरून उभी होती.

"त्यो आमचा पार," ती म्हणाली. "त्याच्या म्होरं आमचं घर. आता न्हाई दिसत. त्या वरच्या दगडावर बसून मी बिट्ट्या खेळायची."

तिच्या हातात खोलीची किल्ली होती, लाकडी बिल्ला लावलेली. बाईंनी मुद्दाम तिच्याच हातात दिलेली, आप्पांच्या नाही. "आमच्या घराला कुलूप नव्हतं कवाच," आई म्हणाली आणि ती किल्ली मुठीत धरून हलवत राहिली. मला तेव्हाच कळलं की हिला हे पाहिजे. मला पण पाहिजेच होतं! मी म्हणलं, "आई, आपण होऊया की मालक!" ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मामीकडं निघाली, मी आणि आप्पा पण. उतार तिथनं जवळच, आंब्याच्या झाडाला वळसा घातला की लागलाच. आम्ही निघतोय तोवर बाई चप्पल घालून आल्याच. "आम्हालाही दाखवा की तुमचं माहेर!" त्यांच्या मागं एक साहेब, काळा गॉगल, हातात छोटी काठी. हे त्या सगळ्या विक्रीचे मुख्य, असं बाईंनी सांगितलं.

मामी खोपटात नव्हती, म्हैस घेऊन गेली होती. मग आई त्या दोघांना पाण्यावर घेऊन गेली.

हे नीट सांगायला पाहिजे. आईच्या गावाची एक रीत आहे. जिनं तुमची ओटी भरली तिला आपल्या गावच्या पाण्याची ओंजळ पाजायची. त्याशिवाय ओटी पुरी होत नाही. भोरला आई नळाचं पाणी पाजून वेळ मारून न्यायची, पण इथं? इथं तिचं खरं पाणी होतं. उतारावर उंबराखाली एक झरा आहे. बाहेरनं दिसत नाही. गुरांनी तुडवू नये म्हणून बायकांनी त्यावर एक चपटा दगड ठेवलेला, वर पालापाचोळा. माहीत नसलेला माणूस त्याच्यावर उभा राहील तरी त्याला कळायचं नाही. आईनं वाकून दगड सरकवला. खाली काचेसारखं पाणी, वैशाखात! तिनं ओंजळ भरून बाईंच्या तोंडाशी धरली.

बाई प्यायल्या. "अमृत हो, ताई! आणि हे बारा महिने?"

"बारा म्हैने. गाव होता तवाबी उन्हाळ्यात समदा गाव हितंच यायाचा."

"पण येतं कुठनं? वरनं?" साहेबांनी विचारलं.

आई हसली. "समद्यास्नी तसंच वाटतं. वरनं न्हाई येत. त्या कातळाच्या खालनं आडवं येतं. बगा, दावते." आणि ती चप्पल काढून चालायला लागली. अनवाणी चाललं की तिला कळतं म्हणे, कुठं माती गार आहे. "हितनं... हितं... आन् मग अशी खाली, तुमच्या हद्दीकडनं." कातळापासून खाली करवंदीच्या जाळीपर्यंत ती चालत गेली, पायानं रेघ ओढत. खरंच त्या रेषेवर गवत हिरवं होतं, बाकी सगळा उतार पिवळा. "लहानपणी आमी ह्या रेघंवर झोपायचो, उनाचं. पाठ गार लागती."

साहेब तिच्या मागोमाग चालत होते. करवंदीच्या जाळीपाशी थांबून त्यांनी खिशातनं रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि तो रुमाल एका फांदीला बांधला. सहज, जसं आपण काहीतरी हाताला चाळा म्हणून करतो तसं. आणि निघाले.

मी ओरडले, "साहेब, रुमाल राहिला!"

"राहू दे," ते म्हणाले. "सापडेल मग."

तेवढ्यात मामी म्हैस घेऊन वर आली. आम्हाला बघून हसली, मग तिचं लक्ष त्या दोघांकडं गेलं आणि मग उघड्या झऱ्याकडं. हसू गेलं. हातातली काठी टाकली आणि वाकून दगड परत जागेवर ओढला. बाई म्हणाल्या, "येतो हं वहिनी, दुपारी बैठक आहे, ताईंना वेळेवर पाठवा," आणि दोघं उतरून गेले.

मामीनं ते आंब्याआड जाईपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "वन्सं, पानी दावलंत?"

"ओटी भरली तिनं माजी, वैनी."

"त्यो गॉगलवाला लई खेपा घालतोय माज्याकडं. ह्यो उतार द्या, बदल्यात खोली घ्या म्हणतोय. मी म्हणलं, माज्या एकटीचा न्हाई, नणंदेला इचारा. ती व्हय म्हणली तर माजा आंगठा." मग ती आप्पांकडं वळली. "म्हणून तुमास्नी गाडी आली, दाजी. तुमच्या कोर्टातल्या खुर्चीकडं बगून न्हाई आली."

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, सरकारी नोकरांना बोलवतायत."

"सरकारी नोकर व्हय!" मामी म्हणाली. "सरकार म्हणलं की मला धरान आठवतं. बसा, भाकरी टाकते."

पण ऐका, खरी गोष्ट पुढं आहे. आईला ते कळूनसुद्धा ती किल्ली सोडवत नव्हती. भाकरी खाता खाता ती म्हणाली, "वैनी, ते खोली देणार हायेत. कायमची. दरसाल आट दिस मी हितं ऱ्हाईन. तू पन ये माज्याकडं, गादीवर झोप."

"आन् बाकीचं वरीस म्या कुठं झोपू?"

"तुला कोन काडतंय हितनं?"

मामीनं तिच्याकडं बघितलं. "पानी कुनाचं ऱ्हाईल, वन्सं? तुमचं आट दिसाचं म्हाएर हाय. माजं रोजचं हाय."

आईनं ताटली धुऊन पालथी घातली. आम्ही उठलो तेव्हा मामी खोपटाच्या दारात उभी राहिली, हात पदरात गुंडाळून. ये म्हणली नाही, जा म्हणली नाही. तिनं शब्द दिला होता, नणंद सांगेल तसं. आणि नणंदेच्या कमरेला किल्ली होती.

बैठकीची खोली मोठी, खिडक्यांना जाड पडदे, ऊन येऊ नये म्हणून. मागं जनरेटरची घरघर. आणखी बरीच कुटुंबं होती, पुण्याची, नसरापूरकडची, सगळी नटूनथटून. मध्ये एका टेबलावर सगळ्या जागेचा नमुना मांडला होता, प्लास्टरचा. लहान लहान खोल्या, रंगवलेले रस्ते, स्पंजची झाडं, आणि धरणाच्या जागी निळी काच, काठोकाठ. चिखल कुठंच नाही. मला तर ते इतकं आवडलं की मी वाकून एकेक खोली बघत सुटले.

भिंतीवर पितळी घंटा होती. एखादं कुटुंब हो म्हणलं, सही केली की साहेब घंटा वाजवायचे, सगळे टाळ्या वाजवायचे, आणि बाई त्या नव्या मालकिणीला किल्ली द्यायच्या. पहिल्या घंटेला मी पण जोरात टाळ्या वाजवल्या. मग दुसरी वाजली, तिसरी वाजली. घंटा वाजली की आईचा खांदा दचकायचा. ज्यांचं झालं ते बाहेर जेवायला जायचे, आणि त्यांच्या खुर्च्या लगेच उचलून भिंतीला लावायचे. खोली हळूहळू मोकळी होत चालली.

चहाचा कप घेताना माझ्या मागं बाई एका मावशींशी बोलत होत्या. "अय्या, तुम्ही वरव्याच्या? माझं माहेर वरवे बुद्रुकच की! बहीणच झाले मी तुमची."

मी आईच्या कानाशी गेले. "आई, काल भोंगवली म्हणाल्या, आज वरवे म्हणतायत."

"आजोळ असंल येकादं," आई म्हणाली. पण पदराच्या गाठीवर गेलेला तिचा हात तिथंच थांबला.

शेवटी आम्हीच राहिलो. आता सगळ्या खुर्च्या भिंतीला, आणि तीन आमच्या, मध्ये. समोर साहेब, शेजारी बाई. मग आणखी एक जण आला, "हे आमचे मोठे साहेब", आणि त्यांनी पहिल्यापासून परत सगळं सांगितलं. चहा आला. मग परत चहा आला. जेवणाचं कुणी काढेना. आवाज कुणाचा चढत नव्हता, तेच तर वाईट. सगळे गोड.

"ताई, आत्ता तुम्ही कोण? पाहुण्या. सही केली की मालकीण."

"पैसा एक नको आम्हाला. तो गवताचा उतार आमच्या नावावर, खोली तुमच्या. बघा बरं, कोण देतं?"

"तुमचं माहेर पाण्यात गेलं. सरकारनं परत दिलं? आम्ही देतोय."

आप्पा गळ्याभोवतीचा घाम पुसत म्हणाले, "तसं तिथं आपलं पिकतंय तरी काय गं?"

आई उठली. मला वाटलं सही करणार. सगळ्यांनाच वाटलं, साहेबांचा हात घंटेच्या दोरीकडं गेला. पण ती नमुन्याच्या टेबलाशी गेली आणि वाकली. "ह्यो आमचा उतार का?"

"हो तर! बघा, कसली बाग केलीय. बाकडी, कारंजं."

उतार हिरवा रंगवला होता. उंबर होता, स्पंजचा, बरोबर जागेवर. आई बोटानं त्याच्यापासून खाली आली, मामीच्या खोपटाच्या जागी. तिथं रंगात एक पांढरा चौकोनी डाग होता, वाळलेल्या डिंकाचा, कडा वर आलेल्या. आईनं त्यात नख घातलं.

"हितं काय हुतं?"

"काही नाही. झाड असेल, निघालं असेल."

"झाडाचा डाग वाटूळा ऱ्हातो. हितं घर हुतं. तुमी आदी घर चिकटावलं, मग काडलं."

जनरेटर तेवढा घरघरत होता. मग बाई म्हणाल्या, तशाच गोड, "वहिनींची सोय होईल हो ताई. इथंच कामाला ठेवू. झाडलोट, पाणी भरणं. पगार देऊ."

"माज्या वैनीनं तिच्याच दारात केरसुनी फिरवायची?" आई म्हणाली. "आन् तिच्याच झऱ्याचं पानी तुमाला भरून द्याचं?"

तिनं कमरेची किल्ली काढली. एकदा मुठीत दाबली, मी बघितलं, बोटं पांढरी होईपर्यंत. मग निळ्या काचेवर ठेवली. "न्हाई जमायचं. सोडा आमाला."

मोठे साहेब हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "काही घाई नाही ताई. आम्ही इथंच आहोत."

बाहेर गाडी उभी होती, पण ड्रायव्हर म्हणाला, "विंजान गरम झालंय." बॉनेट बंद होतं, आणि तो विडी ओढत होता. आप्पांनी ट्रंक उचलली, मी वळकटी घेतली, आणि आम्ही उतार चढलो. मामी दारातच होती, जशी सकाळी होती तशी. आईच्या कमरेकडं तिनं आधी बघितलं. मग आत जाऊन पिठाचा डबा काढला. त्या दिवशी दोघी नणंदा-भावजया चुलीपुढं इतक्या हसल्या, इतक्या हसल्या! मामी गॉगलवाल्याची चाल करून दाखवत होती. आप्पा म्हणाले, "पण गादी छान होती हो, वहिनी," तर मामीनं त्यांच्या अंगावर गवताचा भारा फेकला. मला वाटलं संपलं. आम्हीच जिंकलो, असं मी भोरला येऊन आळीभर सांगत सुटले.

पावसाळा सरल्यावर मामीचा निरोप आला, खाली खणायला लागलेत. आप्पा जाऊन बघून आले. विहीर. त्यांच्याच हद्दीत, हद्दीला अगदी चिकटून, करवंदीची जाळी होती तिथं. जाळी तोडली होती, पण बाजूला पडलेल्या फांदीवर रुमाल अजून होता म्हणे, उन्हानं पार विटलेला. आप्पांनी कोर्टातल्या वकिलांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, त्यांची जमीन, त्यांची विहीर, तुम्ही कशावर अडवणार? आईनं विचारलं, "बरोबर तितंच कसं काय खणलं?" आणि मग तिचं तिलाच कळलं. ती खाली बसली. तिचा उजवा पाय ती किती वेळ नुसती बघत होती.

पुढच्या वैशाखात आम्ही दोघी गेलो. मामीनं आम्हाला झऱ्यावर नेलं. दगड आता बाजूलाच पडलेला, कुणी झाकत नव्हतं. खाली थोडा चिखल, त्यात एक बेडूक, हलत पण नव्हता. आईनं हात घातला, कोपरापर्यंत. बाहेर काढला तर बोटांना नुसती ओल. खालनं पाण्याच्या इंजिनाचा आवाज येत होता, फट फट फट फट, थांबतच नव्हता. त्या खोल्यांपुढं हिरवळ केली होती आणि एक फवारा गोल गोल फिरून तिच्यावर पाणी उडवत होता. नमुन्यात होतं तसंच सगळं.

"मला पानी मिळतं," मामी म्हणाली. "फाटकापाशी नळ बशिवलाय, आमच्यासाटी. ते म्हणतील तवा जायाचं. बाई लई गोड बोलती. म्हणती, वहिनी, तुमचंच हाय. माज्याच्यानं न्हाई हुत, वन्सं. माज्याच पान्याला हात पसरायचा."

म्हैस आधीच विकली होती. शेरडं शेजारच्यांना दिली. ज्या बाईचा पाय ट्रकात चढला नव्हता ती आमच्याबरोबर एस्टीत बसली, मांडीवर रिकामा हंडा घेऊन. कंडक्टर म्हणाला, "मावशे, हंडा खाली ठिव की." तिनं नाही ठेवला. भोर येईपर्यंत त्याच्या गळ्याला धरून बसली होती.

आता ती आमच्याकडंच असते. आळीतल्या नळाला पाणी आलं की आधी उठते, पण रांगेत उभी राहायला तिला जमत नाही, कुणी पुढं घुसलं तर नुसती बघत राहते. मी टायपिंगच्या क्लासला जाते. क्लासच्या बाई म्हणतात तुझी बोटं तुझ्या डोक्याच्या पुढं पळतात. त्या दिवशी मी क्लासवरनं आले तर आमच्या आळीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी. पोरं भोवती जमलेली. माझे पायच थबकले. ड्रायव्हर तोच. माझ्याकडं बघून मान हलवली, ओळखीच्यासारखी.

आमच्या दारात बाई उभ्या होत्या. तीच नायलॉनची साडी नसेल, पण तसलीच. हातात सूप. आई उंबऱ्याच्या आत उभी, तिच्यामागं मामी भिंतीला टेकून बसलेली.

"ताई, किती लांबनं आले तुमच्यासाठी," बाई म्हणत होत्या. "आता तो उतार नुसता पडून. पाणी नाही, माणूस नाही. काय करणार त्याचं? खोली अजून ठेवलीय हं तुमची. तीच, गॅलरीची. मी कुणाला दिली नाही."

आईनं दाराच्या चौकटीला हात लावला, वाट अडवून.

"बरं, राहू दे. ऊन किती आहे! पाणी तरी द्या, ताई."

आमच्या दारात आलेल्या माणसाला पाणी दिलं नाही असं मी जन्मात बघितलं नव्हतं. भिकारी असो, बेलिफ असो, आधी तांब्या. तांब्या तिथंच होता, हाताशी, भरलेला. मी पुढं झाले. आईनं माझा हात धरला.

"पानी तिकडंच हाय की तुमच्याकडं," ती म्हणाली.

मामीनं मान वर केली. बाईंचं हसू तेवढंच राहिलं, कमी झालं नाही की जास्त झालं नाही. मग त्या वाकल्या आणि सुपातली ओटी त्यांनी उंबऱ्यावर ओतली. खण, नारळ, तांदूळ. "माझं मी केलं," त्या म्हणाल्या. "येते परत." गाडी मागं मागं घेत आळीतनं बाहेर गेली, पोरं ओरडत तिच्यामागं.

आता ते कुणी उचलायचं? घेतलं तर ओटी घेतली. टाकावं तर ओटी कुणी टाकत नाही. आम्ही तिघी बघत राहिलो. काकूंची कोंबडी आली आणि तांदूळ टिपायला लागली.

"उचला वो, वन्सं," मामी हळूच म्हणाली. "तांदळानं काय घोडं मारलंय?"

"न्हाई."

"मुंग्या लागतील."

"लागू द्यात."

आप्पा संध्याकाळी आले, खाली बघून एकदम थांबले, आणि लांब ढांग टाकून आत आले. नळाला पाणी यायची वेळ झाली तसं आईनं दोन्ही हंडे घेतले, मामीचा पण. साडी वर धरून उंबरा ओलांडला, तरी दोन-तीन दाणे तिच्या टाचेला चिकटलेच. ओट्याच्या दगडावर तिनं टाच घासली, एकदा, परत एकदा, आणि आळीच्या तोंडाकडं एक नजर टाकून नळाकडं गेली.